सात रेघांचं तोंड

सुभद्रेने सकाळी नवऱ्याची बंडी झटकली, नाकाशी नेली आणि विचारलं, लवंगेच्या तेलाचा वास कसा काय येऊन राहिला? देवीदासने बंडी तिच्या हातातून घेतली. दुसरी बंडी अजून ओली होती, म्हणून तीच अंगात घालून तो अमरावतीच्या कापूसबाजारात आला आणि कामाला बसला. बसला म्हणजे नुसता बसलाच. समोर रुईची गासडी, गोणपाटावर मुंबईच्या पेढीचा छाप पावसाने फिसकटून गेलेला. तो पुन्हा गिरवायचा, एवढंच काम. रस्त्यांना चिखल, गाड्या बंद, दसऱ्याशिवाय माल हलायचा नाही, तोवर मांडवाखाली अडकून पडलेल्या गासड्यांचे पुसट छाप काळे करत राहायचे. जवसाच्या तेलात काजळी घोटलेली, शिंदीची काडी ठेचून केलेला कुंचला हातात, सगळं जागच्या जागी. आणि हात चालेना. डाव्या खांद्याकडून तो वास येत होता. काल दुपारी याच खांद्यावर भगवंतराव देशमुखांचं डोकं पडलं होतं. मुर्तिजापूर मागे टाकल्यावर त्यांच्या छपराच्या हलक्या बैलगाडीचं, दमणीचं, चाक दगडावरून उतरलं, धक्का बसला, आणि डुलकी लागलेल्या देशमुखांचं डोकं पुढे कलंडून सरळ देवीदासच्या खांद्यावर आलं. पाचदहा श्वास तिथे राहिलं. जड होतं, ऊन होतं. देवीदासने खांदा हलवला नाही. ज्या माणसाचं चित्र काढून दोन वर्षं साऱ्या बाजारात आपण टर उडवली, त्याचं डोकं आपण मूल झोपवल्यासारखं सांभाळून बसलो, ही गोष्ट आता सकाळी त्याला पटत नव्हती. पटत नव्हती म्हणजे राग आला होता असंही नाही. काहीतरी चुकलं होतं, आणि काय चुकलं ते त्याला काल दमणीतच कळलं होतं. देशमुखांचं तोंड चित्रातल्यासारखं नव्हतंच.

आता ते चित्र म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण त्या साली अमरावतीत ते न पाहिलेला माणूस सापडायचा नाही. एकंदर सात रेघा. पहिल्या दोन पगडीच्या, कोंबड्याच्या तुऱ्यासारखा शेमला वर काढलेल्या. मग बाहेर आलेला कान, चपटं नाक, आत गेलेली हनुवटी, वर टांगलेले डोळे आणि शेवटची रेघ म्हणजे उघडं तोंड. ती शेवटची रेघ ओढली की लोक हसायचे. बाजार म्हणायचा, पहा, कापूस गिळायला तोंड वासून बसला देशमुख. कापसाला सोन्याचा भाव आला होता, विलायतेकडे कुठे लढाई लागली म्हणतात तिच्यापायी, आणि त्या भावाबरोबर देशमुखांचं घराणंही फुगलं होतं. बाजारात कोणाची गाडी आधी सुटणार, कोणाला मांडवाखाली जागा, कोणाच्या गासड्या पावसात, सगळं त्या एका घरातून ठरे. धाकटा भाऊ अकोल्याला, मेव्हणा कचेरीत, थोरले भगवंतराव साहेबाच्या उठण्याबसण्यातले. त्यांच्याविरुद्ध बोलायची कोणाची छाती नव्हती. देवीदासने एकदा दुपारी, हमाल जेवायला गेलेले असताना, एका गासडीच्या बुडाशी या सात रेघा ओढल्या. कोणासाठी नाही, अशाच. हमाल परतले, त्यांनी पाहिलं, आणि भाकरीचा घास तोंडात असतानाच एकजण असा हसला की ठसका लागून मरायची पाळी. ती गासडी चित्रासकट मुंबईला गेली. मग चित्र भिंतींवर उतरलं. कोळसा कोणाच्याही चुलीत असतो आणि सात रेघा कोणालाही येतात. पहिल्याने कोणी काढलं हे फक्त तिघांना ठाऊक होतं, देवीदासला, सुभद्रेला आणि चंद्रभानला.

चंद्रभान हा भाड्याने गाडी हाकणारा माणूस, गावाबाहेर चार एकर काळी जमीन, आणि त्याच्याकडे एक पांढराशुभ्र बैल. पोळ्याला बैलांची अंगं रंगवतात, कोणी गेरूचे ठिपके काढतो, कोणी हाताचे पंजे उमटवतो. दोन वर्षांमागे चंद्रभानने बैल देवीदासच्या दारात आणून उभा केला आणि म्हणाला, याच्या अंगावर काढ. देवीदास आधी नको म्हणाला. पण चंद्रभान डोक्याने चालणारा होता. पोळ्याच्या दिवशी बैलाला काठी लावत नाहीत, हाकलत नाहीत, दारात आला तर घरातली बाई त्याचे पाय धुते, कुंकू लावते, पुरणपोळी चारते. मग तो बैल कोणाचा का असेना आणि त्याच्या अंगावर काही का असेना. तसंच झालं. तोरण तुटलं, बैल गावातून फिरत फिरत परकोटाच्या आत देशमुखांच्या दारात गेला, आणि देशमुखांच्या कुटुंबाने, पार्वताबाईंनी, नवऱ्याच्या वासलेल्या तोंडाला निमूटपणे ओवाळलं. बाजार आठ दिवस हसत होता, आणि देशमुखांच्या माणसांनी विचारलं तेव्हा चंद्रभान म्हणाला, रात्री गोठ्यात कोण काढून गेलं ठाऊक नाही. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. यंदा तिसरा पोळा, उद्यावर आलेला. एका हमालाला मध्ये चित्राकडे पाहून हसला म्हणून बाजारातून काढून टाकलं होतं, देशमुखांच्या कारभाऱ्याने दवंडीसारखं सांगितलं होतं की काढणारा सापडला तर त्याला बाजारात पाय ठेवू देणार नाही. देवीदासला कापूसबाजाराबाहेर कुठलं काम? सुभद्रेला सातवा लागलेला. पण चंद्रभानचा बैल वाट पाहत होता आणि बाजारही.

गेल्या आठवड्यात तो आईला आणायला म्हणून अकोल्याला गेला होता. सुभद्रेला सोबत हवी होती. आई, गंगूबाई, म्हणाली की पोळ्याला ती घर सोडणार नाही, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भाजीच्या गाडीतून निघेन. म्हणून तो एकटाच परत निघाला, निम्मा पायी, निम्मा कोणाच्या गाडीवर. मुर्तिजापूर ओलांडल्यावर पुढे नाल्याला पाणी आलं होतं, काठावर एक दमणी थांबली होती, आणि ती एका अंगाला कलली होती. आत देशमुख. अंगाने भरलेले, एका बाजूला बसले की दमणी तिकडे झुके, आणि समोर बसून तोल सांभाळणारा त्यांचा माणूस मुर्तिजापुरात हिवतापाने पडला होता. गाडीवानाने चिखलातून येणाऱ्या देवीदासला वरपासून खालपर्यंत पाहिलं, वजनाचा अंदाज घेतला आणि चढ म्हणाला. म्हणजे त्या दिवशी देशमुखांच्या दमणीत देवीदास माळी बसला तो पासंग म्हणून. त्याला खाली मान घालून बसायचं ठाऊक होतं. या मुलखात देशमुख समोर आला की माणूस मान खाली घालतो, आणि वर पाहतो तोवर पाठ आणि पगडी गेलेली असते. आजवर त्याने देशमुख पाहिले ते तसेच. इतरांनीही तसेच. दमणीत मात्र मान किती वेळ खाली ठेवणार? नाला ओलांडला, मळभात उकडायला लागलं, देशमुखांनी पगडी काढून मांडीवर ठेवली, आणि देवीदासने डोळे वर केले. टक्कल. जाड भुवया. लांब, सरळ नाक, टोकाला किंचित वाकलेलं. भरदार हनुवटी. कान डोक्याला चिकटलेले, लहान. दाढेने एक गाल सुजलेला, आणि लवंगेच्या तेलात भिजवलेला कापूस त्या गालात धरून ओठ घट्ट मिटलेले. सात रेघांपैकी एकही जुळत नव्हती. देवीदासला पहिल्याने वाटलं हे देशमुख नव्हेतच, दुसरं कोणी असेल. मग डोकं खांद्यावर पडलं, मग देशमुख जागे झाले, आणि बडनेऱ्याच्या वाटेला, जिथे रेल्वेच्या भरावासाठी मुरूम टाकत होते तिथे, आणखी एक गोष्ट झाली.

देवीदासने डोळे मिटून घेतले होते, मोठ्या माणसाच्या समोर उगाच पाहत बसणं बरं नव्हे म्हणून. मधेच पापणी किलकिली झाली. समोर देशमुख सलाम करत होते. सलाम घ्यायला कोणी नव्हतं. उजवा हात हळूच वर येई, बोटं कपाळाला लागत, मान वाके, आणि ओठातल्या ओठात हुजूर म्हणून एक शब्द येई. मग चेहऱ्यावर नाराजी. फार वाकलो की काय, असं काहीसं. पुन्हा हात मांडीवर, पुन्हा वर. कमी वाकून पाहिलं. मग मधलं. कापसाच्या बाजारासाठी साहेब पंच नेमणार होता आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत बोलावणं होतं हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. चौथ्यांदा हात वर गेला, तेव्हा दोघांची नजर भेटली. गाडीवानाची पाठ होती, त्याने काही पाहिलं नाही. देशमुखांनी हात तसाच टकलावरून फिरवला.

“जागा हायेस काय रे?”

“हाव मालक.”

देशमुखांनी मांडीवरची पगडी सारखी केली. मग देशमुखांनी विचारलं, अमरावतीत काय करतो. देवीदासने सांगितलं, गासड्यांवर छापे मारतो. सांगून गेला आणि मग बोटं मुडपायला लागला. देशमुखांनी त्याच्या नखांतली काजळी पाहिली. मग ते चित्र कोण काढतो तुला ठाऊक असेल, म्हणाले. देवीदासने नाही म्हटलं. त्यावर त्यांनी गालातला कापूस काढून बाहेर टाकला, आणि सुजल्या तोंडाने, रागावून नाही, जे बोलले ते देवीदासला आज सकाळपासून पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं.

“काढू दे. म्या पायलं ते चांगलं जवळून. ते तोंड माह्यं नाई. आमच्या घरात तसं तोंड कोनाचंच नाई. लोकं हासतात, हासू दे, मले काय लागते त्याचं? पन ज्याचं कोनाचं असन ना ते तोंड, त्या गरिबाची कीव येते. दोन वर्सं झाले, भिंतीभिंतीवर लटकून राहिला बिचारा.”

बडनेऱ्याला देवीदास उतरला. सडक चांगली होती, आता पासंग नको होता.

तर तेव्हापासून हात चालत नव्हता. त्याने कुंचला तेलात बुडवला, निथळू दिला, पुन्हा बुडवला. मुकादम दोनदा येऊन पाहून गेला. देवीदासला एवढंच समजत नव्हतं की तोंड कोणाचं? कल्पनेने काढलं म्हणावं, तर कल्पनेने काढलेलं दर वेळी थोडं वेगळं निघतं. हे कधीच वेगळं निघालं नव्हतं. डोळे झाकून काढलं तरी कान तिथेच, हनुवटी तिथेच. तो उठला आणि बाजारातून हिंडला. हळद दळणाऱ्याच्या भिंतीवर एक होतं, वाकडंतिकडं. चुन्याच्या भट्टीमागे तीन, एकाखाली एक. पाणपोईच्या ओट्यावर कोणी तोंडात चक्क कापसाचा बोळा काढला होता. प्रत्येकापुढे थांबून तो पाहत होता आणि जाणारे येणारे त्याला पाहून हसत होते, त्यांना वाटत होतं हाही मजा घेतो आहे. कुठेतरी पाहिलेलं होतं हे तोंड. हमालांतलं नव्हे, मुकादमाचं नव्हे, सासऱ्याचं नव्हे. जितकं पाहावं तितकं ते देशमुखांचं होत जाई, कारण प्रत्येकावर ती पगडी होती.

तो परत मांडवात आला, उकिडवा बसला आणि भुईवरची धूळ हाताने सारखी केली. नेहमी तो पगडीपासून सुरुवात करी. आज पगडी सोडून दिली. बोटाने कान काढला, नाक काढलं, हनुवटी, डोळे, तोंड. पाच रेघा. उघडं डोकं. आणि धुळीतून जानराव, त्याचा बाप, वर पाहत होता.

देवीदास किती वेळ तसा बसला कोणास ठाऊक. बाप गेल्याला अडीच वर्षं झाली होती, पटकीत गेला, एका दिवसात. त्यानंतर बाप आठवावा म्हटलं की देवीदासला हात आठवायचे, मोटेवरचं गाणं आठवायचं, पायाची फुटलेली टाच आठवायची. तोंड आठवायचं नाही. अकोल्याला आईजवळ बसून त्याने कितीदा मनातल्या मनात खटपट केली होती, आणि आपण कसले पोर, बापाचं तोंड विसरलो, म्हणून आतल्या आत रडला होता. तसबिरी राजेरजवाड्यांच्या निघतात, माळ्याची कोण काढतो? आणि इकडे तो दोन वर्षं, महिन्यातून चारदा, बापाचं तोंड काढत होता आणि लोकांना हसवत होता. अकोल्याला मोर्णा नदीच्या काठचा मळा, देशमुखांची जमीन, बाप ती कसायचा. वांगी, कांदे, कडेने झेंडू. ज्या साली कापसाचा भाव चढायला लागला त्या साली देशमुख घोड्यावरून आले, मळा मोडा आणि कपाशी पेरा म्हणाले, नाहीतर जागा सोडा. देवीदास मोटेचे बैल धरून घोड्याच्या मागच्या अंगाला उभा होता. त्याला दिसत होती ती पगडी, पाठ, घोड्याचं शेपूट, आणि त्या सगळ्याच्या पलीकडे, मुंडासं काढून हातात धरलेला, वर पाहणारा बाप. बापाचं तोंड उघडलं होतं. तो काहीतरी बोलणार होता. ते ऐकायला देशमुख थांबले नाहीत. नाही म्हणाले नाहीत, शिवी दिली नाही, नुसता लगाम ओढून घोडं वळवलं. देवीदासने रीतीप्रमाणे मान खाली घातली. वर पाहिलं तोवर घोडं बांधापलीकडे गेलेलं, आणि बाप अजून तोंड उघडून उभा. मग त्याने ते मिटलं, मुंडासं बांधलं, आणि वांग्याची झाडं एकेक हाताने उपटायला लागला. काय बोलणार होता ते त्याने कधी सांगितलं नाही. साऱ्या अमरावतीला वाटत होतं तोंड गिळायला उघडलंय. ते बोलायला उघडलेलं होतं.

देवीदासने धूळ पुसली नाही. आधी पुसायला हात गेला होता. पुसायची म्हटलं तर बाजारातल्या साऱ्या भिंती पुसाव्या लागतील, आणि चूल आहे तोवर कोळसा संपायचा नाही. मनाला लागलं ते हे, की देशमुखांना काही लागलं नव्हतं. दोन वर्षांत त्यांना एक ओरखडा नाही. उलट त्यांनी कीव केली होती. बापाची कीव, घोड्यावरून नाही तर दमणीतून, आणि तीही त्याच्याच पोराच्या तोंडावर. मुकादमाचा पाय त्या धुळीवर पडला तेव्हा देवीदास उठला आणि त्याने दिवसभराचे छाप एका हिसक्यात गिरवून टाकले. सरळ, स्वच्छ, एकही थेंब इकडेतिकडे नाही. त्याचं त्यालाच बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. उद्या बैलावर काय काढायचं ते ठरलं होतं. आणि ते काढलं की काय होईल तेही कळत होतं. दमणीत दोघंच होते.

घरी त्याने सुभद्रेला सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, की यंदा चित्र वेगळं काढणार, आणि त्यात काम जाईल. सुभद्रा चुलीपुढे बसून शेण्या मोडत होती. तिने सासऱ्याला कधी पाहिलं नव्हतं, लग्न नंतरचं. ती म्हणाली, मग जुनंच काढा. ते तोंड बापाचं आहे, हे त्याच्या ओठापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. आपलंही तोंड उघडं राहिलंय हे ध्यानात येऊन त्याने ते मिटलं.

पोळ्याच्या सकाळी चंद्रभानने बैल धुऊन, शिंगं रंगवून, गळ्यात चांदीच्या घंटा घालून आणला. कापसाने त्या वर्षी बैलांनाही चांदी चढवली होती. देवीदासने बैलाच्या कुशीवर हात ठेवला, कातडी थरारली, शांत झाली. मग त्याने सावकाश काढलं. सात रेघांत भागलं नाही, वीस झाल्या, पंचवीस झाल्या. टक्कल, भुवया, टोकाला वाकलेलं नाक, सुजलेला गाल, मिटलेले ओठ. कपाळाला लागलेली बोटं. मान न कमी, न जास्त, मधली वाकलेली. पगडी नाही. आयुष्यात एवढं चांगलं त्याने काही काढलं नव्हतं, हे त्याला काढता काढता कळत होतं. चंद्रभान मागे उभा राहून पाहत होता, आणि त्याचा चेहरा उतरत चालला.

“हे कोन होय बे? दाढ दुखणारा कोनी हाय काय? लोकं काहून हासतीन याले?”

देवीदास म्हणाला, नाही हसणार. चंद्रभान चिडला, दोन वर्षांची मजा घालवली म्हणाला, पण रंग ओला होता आणि तोरणाची वेळ झाली होती.

तोरणाखाली बैल उभे राहिले, झडत्या म्हणणाऱ्यांनी पोळ्याच्या यमकी झडत्या म्हटल्या, एकमेकांना टोमणे मारून झाले. लोक गर्दी करून पांढऱ्या बैलाकडे आले आणि गप्प झाले. कोणी म्हणालं वैदू आहे. कोणी म्हणालं चंद्रभानने स्वतःचा सासरा काढला. ज्यांना हसायचंच होतं ते थोडंसं हसले आणि निघून गेले. त्या हजार माणसांत देशमुखांचं तोंड पाहिलेला एकही माणूस नव्हता. देवीदास बैलाच्या मागून चालत होता. परकोटाच्या आत शिरतानाही तो चालत राहिला. देशमुखांच्या दारात बैल थांबला. आत बोलण्याचालण्याचा आवाज होता, साहेबाने पंचांत नाव घेतल्याची बातमी कालच आली होती, घर आनंदात होतं. पार्वताबाई ताट घेऊन पायरी उतरल्या. त्यांनी बैलाच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, आणि ओवाळता ओवाळता ताट कुशीसमोर आलं तिथे थांबलं. त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात भगवंतराव उभे होते, पगडी घालून, गाल अजून सुजलेला. त्यांनीही पाहिलं. बैलाच्या पाठीवरून त्यांची नजर सरळ देवीदासवर आली आणि देवीदासने, जन्मात पहिल्याने, मान खाली घातली नाही. त्यासाठी मोठं धैर्य लागलं असं नाही. आता खाली पाहून काय वाचणार होतं?

देशमुखांचा हात आपोआप गालाकडे गेला होता. तो त्यांनी खाली घेतला. पार्वताबाईंना म्हणाले, ओवाळ, थांबू नको, बैल आहे. पुरणपोळी चारून झाली तेव्हा ते दोन पायऱ्या उतरले, आणि फक्त देवीदासला ऐकू येईल असं बोलले.

“यंदा जमलं तुले. माह्यंच हाय.” थोडं थांबून म्हणाले, “उद्यापासून बाजारात येजो नको.”

आणि आत गेले. चंद्रभानला काहीच समजलं नाही, तो घंटा सारख्या करत होता.

बैल घरी पोचवून देवीदास नदीवर गेला आणि हात धुतले. काजळी नखांतून निघत नाही, ती निघाली नाही. आत तपासून पाहिलं तर भीती नव्हती, सुख म्हणावं असंही काही नव्हतं. फक्त देशमुखांचा गालाकडे गेलेला हात डोळ्यांपुढे होता. चला, निदान तोंड ज्याचं त्याला दिलं, असं तो स्वतःशी म्हणाला, आणि पुढे काय खायचं याचा विचार करत घरी आला.

पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी भाजीची गाडी अंबादेवीकडच्या वेशीपाशी थांबली. आई उतरली, गुडघे धरून, काखेत गाठोडं, गाठोड्यात सुनेसाठी डिंक आणि खारका. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तू कामावर कसा नाहीस, विचारलं. आज सुट्टी आहे म्हणाला. घराकडे जायला त्याने मुद्दाम लांबची गल्ली धरली, तिथे भिंतींवर एकही चित्र नव्हतं, पोळ्याच्या आदल्या दिवशीच पाहून ठेवलं होतं. पण तेव्हाची गोष्ट तेव्हा. पोळ्याला बैलाने बाजाराचा विरस केला होता आणि लोकांनी तो आपापला भरून काढला होता. वळण घेतलं आणि समोर नवी पांढरी भिंत, चुन्याने सारवलेली, आणि तिच्यावर पुरुषभर उंचीचं ते तोंड. कोणी काढलं होतं देव जाणे, पण चांगला हात होता. घाईत पगडी राहून गेली होती. उघडं डोकं, बाहेर आलेला कान, वर टांगलेले डोळे, उघडं तोंड. खालच्या ओट्यावर दोघंतिघं बसून त्याच्याकडे बोट करून हसत होते.

चल आई, ऊन होतंय, असं म्हणून देवीदासने गाठोडं हातात घेतलं. आई हलली नाही. मळ्यात बाप पाटावरून येताना दिसला की आई वाट सोडून बांधावर उभी राही, पदर पुढे ओढून त्याचं टोक दातांत धरी आणि तो पुढे जाईपर्यंत खाली पाही. देवीदासने लहानपणापासून ते पाहिलं होतं. आता भर गल्लीत, गटाराच्या कडेला, आईने तसंच केलं. पदर ओढला, टोक दातांत धरलं, वाट सोडून बाजूला झाली. ओट्यावरचे हसायचे थांबले आणि या म्हातारीला काय झालं म्हणून पाहायला लागले. देवीदासला वाटलं आई आता विचारील, कोणी काढलं, आणि आपण काय सांगणार? त्याने गाठोडं दुसऱ्या हातात घेतलं. आईने ते विचारलंच नाही. बऱ्याच वेळाने तिने हळूच मान वर केली, भिंतीकडे पाहिलं आणि दातांतला पदर सोडला.

“काई सांगून राहिले वाटते,” ती म्हणाली.

देवीदास तिचा दंड धरून, चल, म्हणाला.

“थांब जराक,” आई म्हणाली. “बोलू दे त्याईले.”

मग तोही थांबला. मागून येणारी बैलगाडी दोघांना वळसा घालून पुढे गेली.